रजेवरचा जवान आणि किराण्याची यादी

रमजानचा पहिला आठवडा संपत आला होता. संध्याकाळी रोजा सोडायला, म्हणजे इफ्तारला, दहा-बारा मिनिटे उरली होती. मी कलिंगड कापत होते, अम्मी खजुराची बशी मांडत होती. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "रजा मंजूर झाली. ईद घरी." अम्मीने डोळे पुसले, हात उचलून दुआ मागितली आणि दुसऱ्याच मिनिटाला मला म्हणाली, "कागद घे. कॅन्टीनची यादी करू."

भाऊ तोफखान्यात हवालदार आहे. नाशिकरोडच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण झाले, त्याला आता सोळा वर्षे झाली. तेव्हापासून आमच्या घरात हाच क्रम आहे. आधी रजा, मग यादी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या घरातले कोणी फौजेत आहे, त्या घराला हे दृश्य ओळखीचे वाटेल. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर आपल्या नावाआधी 'मिलिटरी' लावते. सण ईदचा असो, दिवाळीचा असो की गावची जत्रा असो, जवान रजेवर आला की घरातला किराणा कॅन्टीनमधून भरायचा आणि चार पैसे वाचवायचे, हे ठरलेले. पण हे पैसे खरेच वाचतात का, आणि कोणाचे वाचतात, हा हिशेब मी यंदा पहिल्यांदा नीट मांडला. त्यातून जे कळले ते सांगावेसे वाटते, कारण त्यातली चूक बरीचशी माझीच होती.

आधी कॅन्टीनविषयी थोडे. ज्यांच्या घरात कोणी फौजी नाही, त्यांना वाटते की तिथे सगळे निम्म्या किमतीत मिळते आणि फरक सरकार पदरचा घालते. तसे नाही. संरक्षण मंत्रालयाखाली कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट नावाचे खाते आहे. ते १९४८ साली सुरू झाले आणि त्याचे मुख्यालय आपल्या मुंबईत आहे. हे खाते कंपन्यांकडून थेट आणि मोठ्या प्रमाणावर माल घेते, आपल्या डेपोंमधून तो युनिटच्या कॅन्टीनला पुरवते. मधल्या व्यापाऱ्यांची साखळी नाही, म्हणून तिथला नफा वाचतो. दुसरी सवलत कराची. २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून या खात्याला खरेदीवर भरलेल्या जीएसटीचा निम्मा भाग परत मिळतो, आणि कॅन्टीनमधून जवानाला होणाऱ्या विक्रीवर जीएसटी लागत नाही. स्वस्ताई येते ती या दोन वाटांनी.

हा लाभ सेवेतल्या जवानांना, माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मिळतो. त्यासाठी स्मार्ट कार्ड असते. कार्डावर हुद्द्याप्रमाणे महिन्याची मर्यादा ठरलेली असते. तेवढ्याचाच किराणा घेता येतो. दारूचा कोटा वेगळा. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांच्या जवानांसाठी केंद्रीय पोलीस कल्याण भांडार ही निराळी व्यवस्था आहे. आपल्याकडे लोक दोन्हींची गल्लत करतात.

आता हिशेब. यंदा यादी करण्याआधी मी शेठच्या दुकानाचे बिल आणि भावाने फोनवर पाठवलेले कॅन्टीनचे भाव शेजारी-शेजारी ठेवले. पूर्वी मी डोळे झाकून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे कॅन्टीनच्या यादीत घालायचे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून या वस्तूंवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. तूप आणि सुक्या मेव्यावरचा १२ वरून ५ वर आला. कर जास्त होता तेव्हा करातली सवलतही मोठी होती. अठराच्या निम्मे नऊ, पाचाच्या निम्मे अडीच. म्हणजे या वस्तू बाजारात स्वस्त झाल्या आणि कॅन्टीनचा त्यांच्यावरचा फायदा आपोआप कमी झाला. फरक आहेच, पण 'कॅन्टीनचे म्हणजे स्वस्तच' ही जुनी सवय आता दर वेळी तपासून घ्यावी लागते.

आमच्या यादीपुरते सांगायचे तर चहा, कपडे धुण्याची पावडर आणि काही डबाबंद वस्तू तिथे चांगल्या स्वस्त पडल्या. एकच खर्च मोठा असेल, म्हणजे कुकर किंवा मिक्सर घ्यायचा असेल, तर एका फेरीत बरेच पैसे वाचतात. खजूर मात्र आम्ही बाजारातच घेतला, कारण तो हातात घेऊन, चाखून घ्यायचा असतो. शीरखुर्म्याच्या शेवया गल्लीतल्या एक बाई हाताने करून विकतात, त्या त्यांच्याकडूनच. भाजी, फळे, दूध, मटण यांचा कॅन्टीनशी संबंध नाही. आणि रमजानात घराचा खरा खर्च याच चार गोष्टींवर होतो.

त्यात जाण्यायेण्याचा खर्च धरायचा. कॅन्टीन जिल्ह्याच्या ठिकाणी, आमच्यापासून दीड तासावर. गाडीने गेलो तर पेट्रोल. एसटीने गेलो तर मला अर्धे तिकीट, पण परत येताना सामानाच्या चार पिशव्या. सणाच्या तोंडावर रांग मोठी असते. कॅन्टीनची आठवड्याची सुट्टी वेगळी असते, आणि महिनाअखेरीला बरीच कॅन्टीन मालमोजणीसाठी बंद असतात. फोन न करता गेलो आणि कुलूप बघून परत आलो, असे आमच्या बाबतीत दोनदा झाले आहे. रोजा असल्यामुळे बाहेरचा चहा-नाश्ता तेवढा वाचला, असे म्हणून आम्ही हसलो होतो. रजा दोन महिन्यांत विभागून येत असेल, तर दोन्ही महिन्यांच्या मर्यादेतून थोडे-थोडे घेता येते. एका फेरीत सगळे कोंबायची गरज नसते. पण अशी एक जास्तीची फेरी करावी का, हे तिकिटाचा हिशेब करूनच ठरवावे.

एवढे सगळे करून जे वाचते, ते आम्ही कसे घालवतो, ते आता सांगते.

रमजान हा उपवासाचा महिना. पहाटेची सहर आणि संध्याकाळची इफ्तार, दोनच वेळचे खाणे. घरातला किराणा कमी लागायला हवा. बहुतेक घरांत होते उलटे. सरबताच्या बाटल्या, कस्टर्ड, नूडल्स, चिप्स, तळणाचे तेल, सगळे इतर महिन्यांपेक्षा जास्त. श्रावणात एकादशी करणाऱ्या घरांतही साबुदाणा, शेंगदाणे आणि वेफर्सचे असेच होते, असे माझ्या मैत्रिणी सांगतात. त्यात कॅन्टीनची भर पडली की हात आखडत नाही. कार्डावरची मर्यादा ही वरची हद्द आहे, ती गाठायचे बंधन नाही. पण रांगेत दीड तास उभे राहिल्यावर "आलोच आहोत तर घेऊन टाकू" असे होतेच. गेल्या वर्षी स्वस्त म्हणून घेतलेल्या सहा सरबताच्या बाटल्यांतल्या तीन दिवाळीपर्यंत फडताळात होत्या. कस्टर्डची पाकिटे पावसाळ्यात ओल लागून गोळा झाली आणि फेकावी लागली. जी वस्तू लागतच नव्हती, ती दहा टक्के स्वस्त घेतली म्हणजे दहा टक्के वाचले नाहीत, नव्वद टक्के गेले. हे गणित मी पाचवीच्या मुलांना शिकवते. माझ्या स्वतःच्या फडताळात मात्र ते लागू करायला मला इतकी वर्षे लागली.

दुसरी गळती इतरांच्या याद्यांची. भाऊ आल्याची बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. शेजारच्या काकू येतात, "बाळा, एक तेलाचा डबा आणि दोन शाम्पू आणशील का? पैसे आत्ताच देते." भाऊ लहान असताना अम्मी आजारी पडली की त्याला काकूंनी जेवू घातले आहे. त्यांना नाही कसे म्हणायचे? मग कोणाचा मुलगा, कोणाचा मेव्हणा, कोणाचे साहेब. आणि यात मीही होते. शाळेतल्या सहकाऱ्यांची यादी मीच दर वेळी भावाच्या हातात द्यायचे. मला त्यात मोठेपणा वाटायचा. एका वर्षी तर लोकांच्या वस्तूंनीच महिन्याची मर्यादा संपली, आणि अम्मीचे तेल व चहा आम्हाला ईदच्या आदल्या दिवशी बाजारभावाने आणावे लागले. भाऊ काही बोलला नाही. त्याने फक्त बिल घडी करून खिशात ठेवले. ती घडी मला अजून आठवते.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण सांगायलाच हवी. भाऊ दारू पीत नाही. त्याच्या वाट्याचा कोटा तसाच राहतो. हे ज्यांना माहीत आहे, ते रमजानच्या दिवसांतसुद्धा, कधी तर तरावीहची नमाज संपवून मशिदीतून तो बाहेर पडताना, हळूच बाजूला घेऊन विचारतात, "तुझा कोटा वायाच जातो ना? बाटलीमागे इतके-इतके देतो." यंदा एकाने ईदच्या सगळ्या किराण्याचा खर्च निघेल एवढी रक्कम सांगितली. विचारणारे सगळ्याच धर्मांचे असतात, हेही नमूद करते.

घरी आल्यावर त्याने हे हसत सांगितले. अम्मी चिडली. मी मात्र, मास्तरणीच्या सवयीने, त्याला विचारले की नियम काय आहे. तो म्हणाला, "आपा, नियम सरळ आहे. माल कार्डवाल्याच्या घरासाठी. बाहेर विकला तर कार्ड जाऊ शकतं, कारवाई होऊ शकते. पण ते राहू दे. तू असं बघ, ही सवलत मला कोणी खुशीनं दिलेली नाही. मी वर्षातले दहा महिने घरी नसतो. अब्बांच्या शेवटच्या दिवसांत मी कुठं होतो, तुला माहीत आहे. पगारात जे रोख देता येत नाही, ते सरकार अशा वाटेनं देतं. हा माझ्या घराचा पगार आहे. तो मी गल्लीत वाटायचा की विकायचा?"

त्याच्या या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा मिळते. किरकोळ रजा वेगळी. त्या साठ दिवसांत बायको, मुले, आईचे औषधपाणी, घराचे छप्पर, शेताची कामे, लग्ने, सगळे बसवायचे असते. त्यातला एक अख्खा दिवस आपण त्याला आपले शाम्पू आणायला रांगेत उभे करतो आणि त्याला शेजारधर्म म्हणतो. उर्दूत 'अमानत' असा शब्द आहे, मराठीतही तो चांगला रुळला आहे. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू म्हणजे अमानत. ती जशीच्या तशी सांभाळायची. कॅन्टीनचे कार्ड मला तसे वाटते. देशाने ते एका घरावर विश्वास ठेवून दिले आहे. त्याचा पुरेपूर लाभ त्या घराने घ्यावा, लाजू नये. पण तो त्या घरातच राहिला पाहिजे.

यंदा भावाने काकूंना स्वतः जाऊन सांगितले. "काकू, यादी आणणार नाही. पण तुम्हाला ईदला घरी यायचंच आहे." मला धाकधूक होती. काकू दोन दिवस जरा गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी इफ्तारसाठी पपईच्या फोडी पाठवल्या. बशी परत करताना अम्मीने त्यात आमच्या चहाचे एक पाकीट ठेवले, आमच्या मर्यादेतले, आमच्या पैशाचे. भेट वेगळी आणि दुकानदारी वेगळी, हे काकूंना आमच्यापेक्षा लवकर कळले असावे.

दुकानदारीवरून आमच्या गल्लीतल्या शेठची गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० चा रमजान टाळेबंदीत आला होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला आणि मेमध्ये ईद. भाऊ तिकडे अडकलेला, एसटी बंद, जिल्ह्याला जायचा प्रश्नच नव्हता. माझ्या खासगी शिकवण्या बंद पडलेल्या. तो सगळा महिना शेठनी वहीत लिहून किराणा दिला. सहरीसाठी दूध लागते म्हणून दूध पावडरही मागवून ठेवली. पैशासाठी एकदाही निरोप पाठवला नाही. आणि पुढच्या वर्षी भाऊ रजेवर आला तेव्हा आम्ही तीन महिन्यांचा किराणा कॅन्टीनमधून भरून त्यांच्या दुकानासमोरून पिशव्या नेल्या. शेठ हसून म्हणाले, "फौजी आला वाटतं." त्या हसण्यात राग नव्हता, पण मला मान खाली घालावी लागली.

कॅन्टीन कोणाला उधार देत नाही. रात्री नऊ वाजता पाव किलो रवा देत नाही. म्हणून यंदा आम्ही यादीचे दोन भाग केले. ज्या वस्तूंत खरोखर फरक पडतो आणि ज्या टिकतात, त्या कॅन्टीनच्या. धान्य, डाळी, रवा, साखर, तेल शेठकडचे. फरक फार पडत नाही, आणि जो पडतो तो मी वहीच्या भरवशाची किंमत समजते.

शेवटी एक गोष्ट, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला बसले.

यादी करताना अम्मी म्हणाली, "पलीकडच्या वाडीतल्या मावशी गेल्या का रे कधी कॅन्टीनला?" मावशींचे यजमान सुभेदार होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. मावशींकडे कार्ड आहे, स्वतःच्या नावाचे. भाऊ विचारायला गेला, तर कार्ड देवघराच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. दीड वर्ष वापरलेले नव्हते. का, तर गुडघे दुखतात, एसटीत अर्धे तिकीट असले तरी पिशव्या उचलता येत नाहीत, आणि मुलाला घेऊन जायचे तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो. वाचणार किती आणि जाणार किती? त्यांनी हिशेब केला आणि जाणे सोडले. हिशेब त्यांचा बरोबरच होता.

म्हणजे बघा, ज्या घराला या सवलतीची सगळ्यात जास्त गरज, त्या घरापर्यंत ती पोहोचत नाही. आणि ज्यांचा तिच्यावर हक्क नाही, असे आम्ही सगळे दर रजेला याद्या घेऊन दारात उभे. आमच्या तालुक्यात असे आणखी किती म्हातारे माजी सैनिक आणि किती विधवा असतील, ज्यांची कार्डे खणात पडून आहेत?

यंदा भावाने ओळखीच्याची मोठी गाडी एका दिवसासाठी घेतली. पेट्रोल वाटून घेतले. गाडीत तो, मी, मावशी, एक निवृत्त नाईक काका आणि त्यांच्या पत्नी. मावशींनी स्वतःच्या कार्डावर स्वतःच्या घराचे सामान घेतले. रांगेत त्यांना कोणीतरी खुर्ची आणून दिली. परत येताना त्या बिल हातात धरून पुन्हा पुन्हा वाचत होत्या. मला वाटले बेरीज तपासतात. जवळ जाऊन पाहिले तर बिलावर छापलेल्या आपल्या नावावर बोट फिरवत होत्या. त्या दिवशी मावशींचे किती वाचले, ते मी विचारले नाही. पण घरी पोहोचल्यावर त्या भावाला म्हणाल्या, "पुढच्या रजेला आधी कळव रे. यादी करून ठेवते."

माझे म्हणणे एवढेच आहे. घरात फौजी असेल तर कॅन्टीनचा लाभ जरूर घ्या. आधी बाजारभाव तपासा, कॅन्टीन उघडे आहे का विचारा, आणि लागेल तेवढेच घ्या. घरात फौजी नसेल तर रजेवर आलेल्याच्या हातात यादी देऊ नका. कोट्याच्या बाटलीची बोली तर मुळीच लावू नका. पण तुमच्याकडे गाडी असेल, महिन्यातला एक दिवस असेल, तर आपल्या गल्लीत कोणाचे कार्ड खणात पडून आहे याची चौकशी करा. कार्ड उसने देता येत नाही. गाडीतली जागा देता येते. मोहल्ल्याची मशीद, गावचे गणेश मंडळ, दोघांनी मिळून महिन्याला एक फेरी ठरवली, तर कोणाच्याही तिजोरीतून विशेष काही जाणार नाही.

ईदच्या नमाजेआधी आमच्यात फित्रा देतात. घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, ठराविक वजनाच्या धान्याची किंमत गरजूला द्यायची, म्हणजे सणाच्या दिवशी त्याच्याही घरात चूल पेटावी. तो दर वर्षी आम्ही देतोच. यंदा कॅन्टीनच्या बिलात वाचलेले पैसे भावाने वेगळे काढून अम्मीच्या हातात ठेवले. अम्मीने ते मोजले, पुन्हा त्याच्याच हातात दिले आणि म्हणाली, "पुढच्या फेरीचं पेट्रोल."